बर्फाची ओळ

थोरलीस आणि धाकट्यास,

मागच्या रविवारी फोनवर थोरलीनं सांगितलं, की तिकडे नर्सिंगचं शिक्षण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासलं आणि तिची टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही. तरी पोर घाबरली असणार, म्हणून मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "नीट ऐक. त्यांनी तुझ्या रक्तातलं इंटरफेरॉन गॅमा मोजलंय." तर ती म्हणाली, "माहीत आहे आजी. मी कालच धाकट्या आजीला फोन केला होता. तिनं इतकं मस्त समजावलं ना, पाच मिनिटांत भीती गेली." आणि धाकटा मागून म्हणाला, "धाकटी आजी भारीच आहे."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

तुम्हांला ठाऊक असेलच, पण पुन्हा सांगते. मी नागपूरला इंग्रजी माध्यमात शिकले, जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि अठ्ठावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवलं. रोगप्रतिकारशक्तीच्या धड्यातल्या आकृत्या मी पुस्तकात न बघता फळ्यावर काढत असे. तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, दहावी झालेली आणि वर एका वर्षाचा लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली. इंग्रजी तिला बाटलीवरच्या लेबलापुरतं येतं. आणि तुम्ही इतक्या दुरून फोन करून तिला विचारता.

म्हणून आत्ता लिहायला बसले आहे. कारण फारसं शोभणारं नाही, पण तेच खरं आहे. शिवाय ती तुम्हांला तपासणी समजावेल, पण त्या तपासणीपायी आम्हा दोघींत काय झालं ते कधीच सांगणार नाही. ते मलाच सांगावं लागणार.

आधी तपासणी. टीबीचा जंतू श्वासावाटे आत गेला की फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पुष्कळदा पचवू शकत नाहीत. गिळलेला जंतू आत तसाच बसून राहतो. मग रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, ज्यांना टी पेशी म्हणतात, त्या जंतूची ओळख पटवून एक द्रव्य सोडतात. तेच इंटरफेरॉन गॅमा. तो भक्षक पेशींना दिलेला निरोप असतो, की नुसता गिळून बसू नकोस, आता पचव. ज्या थोड्या लोकांत हा निरोप देणारी किंवा ऐकणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते, त्यांना साधेसुधे जंतूही भारी पडतात. आता गंमत अशी, की टी पेशींना ती ओळख वर्षानुवर्षं राहते. रक्त काढून त्याला टीबीच्या जंतूचे प्रथिनांचे तुकडे नुसते दाखवले, तरी ओळख असलेल्या पेशी लगेच निरोप सोडतात आणि तो मोजता येतो. म्हणजे थोरले, तुझ्या रक्तानं इतकंच सांगितलं आहे, की कधीतरी तुझी नि त्या जंतूची गाठ पडली आहे. आजार आहे असं ते म्हणत नाही. डॉक्टर खबरदारीच्या गोळ्या सुचवतील तर नीट विचारून घे. आणि घाबरायचं नसेल तर माझ्याकडे बघ. मीही पॉझिटिव्ह आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

तुमची धाकटी आजी एकोणीसशे नव्व्याण्णव साली गोंदियाला एका खाजगी पॅथॉलॉजीत कामाला लागली. आपल्या सौंदडहून सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळच्या गाडीनं यायची. ती स्टेशनवरून घरी पोचायच्या आत आपल्या ओट्यावर दोन-चार माणसं बसलेली असत. कुणाला शुगर बघायची, कुणाच्या पोराला चार दिवस ताप. "हिचा हात हलका आहे जी," असं म्हणत. ती पोराला विचारायची, "काय खाल्लं रे दुपारी? वांग्याची भाजी? मले काऊन नाई ठेवली?" पोरगं उत्तर शोधेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असे. शीर ती डोळ्यांनी शोधतच नसे. दोन बोटं ठेवायची, मान दुसरीकडे आणि झालं.

मी त्याच ओट्यावरून आत-बाहेर करत असे. मला पाहून लोक उठून उभे राहत. तिला पाहून ऐसपैस बसत. मला ते दुसरं हवं होतं, आणि ते हवं आहे हे कुणाला कळू नये अशीही इच्छा होती. एकदा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या रिपोर्टमधला प्रत्येक आकडा अर्धा तास समजावून सांगितला. त्यांनी हात जोडून ऐकलं. मग आत डोकावून जावेला विचारलं, "मंग बाई, भात खाऊ का नको?" ती म्हणाली, "एक वाटी खा." ते समाधानानं गेले.

मी रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, म्हणजे विजेची कपात फार चालत असे त्या काळात, एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेचे तरुण डॉक्टर आपल्या घरी आले. टीबीच्या रुग्णांच्या घरातल्या इतर माणसांपैकी कुणाची जंतूशी गाठ पडली आहे, हे त्यांना इंटरफेरॉन गॅमावरून बघायचं होतं. गावात इंग्रजी येणारं कोण, असं विचारत ते माझ्याकडे आले. मी चांगले कप काढले. अर्धा तास आम्ही टी पेशींवर बोललो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला कुणीतरी वाक्य अर्धं तोडून, तेही इंग्रजीत, उलट प्रश्न विचारत होतं. मी अगदी फुलून गेले होते. तेवढ्यात संध्याकाळची गाडी आली, जाऊ घरात शिरली, आणि ओट्यावरच्या एका पोरीचं रक्त तिनं काढलेलं डॉक्टरांनी पाहिलं. ते कप ठेवून उठले आणि बाहेर गेले. उरलेला वेळ ते ओट्यावरच होते.

कामाची वाटणी अशी झाली. रक्त काढणं आणि नळ्या सांभाळणं तिच्याकडे. संमतीपत्रं, नोंदवही आणि इंग्रजी सूचनांचा मराठी तक्ता माझ्याकडे. गोंदियाला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, त्याला फक्त तिला बोलावलं. "मॅडमना कशाला त्रास," असं डॉक्टर म्हणाले म्हणे. त्या दिवशी मी घरातली सगळी औषधं तारखेप्रमाणे लावून ठेवली.

प्रशिक्षणाहून येताना तिनं नळ्या आणल्या होत्या. सराव म्हणून पहिलं रक्त आम्हा दोघींचंच काढायचं होतं. प्रत्येक माणसाच्या तीन नळ्या. पहिलीत काहीच नाही, दुसरीत टीबीच्या प्रथिनांचे तुकडे, तिसरीत असं द्रव्य की जिवंत पेशी असतील तर त्या निरोप सोडणारच. तिसरी नळी म्हणजे रक्ताची हजेरी. ती गप्प राहिली तर त्या तपासणीला अर्थ नाही. रक्त भरलं की नळ्या दहा वेळा नीट हलवायच्या, आणि अंगाच्या उबेइतक्या उबेत सोळा तासांहून जास्त ठेवायच्या. त्यासाठी संस्थेनं लहानसा विजेचा उबवणी-पेटारा दिला होता, तो आपल्या बाहेरच्या खोलीत होता. त्यानंतर नळ्या यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करायचा आणि तो बर्फात घालून शहरात पाठवायचा.

आठवड्यानं आमचे निकाल आले. रोज टीबीच्या रुग्णांचं रक्त नि थुंकी हाताळणारी माझी जाऊ निगेटिव्ह. आणि मी, स्वच्छतेवर अठ्ठावीस वर्षं भाषणं देणारी, पॉझिटिव्ह.

"असं कसं होऊन राहिलं जी?" ती हसून हसून खांबाला टेकली. "म्या एवढी त्यायच्यात राह्यते, मले कोणी नाई विचारलं. तुमच्याच आंगात बसाले जागा भेटली त्याले?"

"वर्गात कुणीतरी खोकलं असेल," मी म्हटलं.

"होईन. तुमचा वर्ग सोडून जायची हिंमत नसंन झाली त्याची."

तुमचे आजोबाही हसले. मी नाही हसले. जंतूनंसुद्धा तिला सूट द्यावी, याचाच मला राग आला.

आता तक्त्याबद्दल. मी तो फुलस्केप कागदावर, समास सोडून, पट्टीनं रेघा मारून केला होता आणि प्लास्टिकच्या कव्हरात घातला होता. मूळ इंग्रजी सूचना आठ पानांच्या होत्या. दुसऱ्या ओळीत मी लिहिलं, "रक्त भरल्यावर नळ्या ताबडतोब बर्फात ठेवाव्यात." बर्फ मूळ कागदावर होता, पण तो सहाव्या पानावर होता, उबेतून काढून द्रव वेगळा केल्यानंतरचा. सुरुवातीचं रक्त गार करायचंच नव्हतं. मी वाचलं नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर नमुना म्हटला की बर्फ, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की हातानं आपोआप ती ओळ वर आणून ठेवली. आणि जिला विचारून खात्री करावी अशी एकच व्यक्ती घरात होती, जी प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिला मी कशी विचारणार?

आमच्या स्वतःच्या नळ्या तर घरातच काढलेल्या, दोन पावलांवर पेटारा, त्यामुळे त्या वेळी बर्फाचा प्रश्नच आला नव्हता. पहिल्यांदा बाहेर गेलो ते एप्रिलमध्ये, गावातल्या चार घरांत. नऊ माणसं, सत्तावीस नळ्या. मी स्टेशनजवळच्या थंड पेयांच्या दुकानातून बर्फ घेतला आणि मोठ्या थर्मासात भरला. पहिल्या घरात एक बाई होती, जिचा नवरा टीबीवर औषधं घेत होता. तिचं आणि तिच्या मुलीचं रक्त काढून झालं. मी थर्मासचं झाकण उघडून पुढे केलं.

जाऊ नळ्या हातात धरून तशीच बसली. "बाई, याले थंड नाई लागू द्याचं. सरनं हातात देऊन सांगतलं. पेशी जित्या राह्यल्या पाह्यजे म्हणे."

"तक्त्यावर लिहिलंय बर्फ."

"तक्ता तुमीच लिवला नं जी."

"इंग्रजीवरून लिहिलाय. तू वाचलंस का इंग्रजी?"

ती घरची बाई दारात उभी होती. तिची मुलगी कापूस दाबून आमच्याकडे टकमक बघत होती. आपल्याकडे धाकटी जाऊ परक्या दारात थोरलीला खोटं पाडत नाही. घरात ती मला काय वाटेल ते बोलायची, पण चार लोकांत कधीच नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सहा नळ्या एकेक करून बर्फात उभ्या केल्या. पुढच्या तीन घरांत ती तसंच करत गेली.

घरी येऊन तिनं नळ्या पुसल्या, तळहातात धरून थोडा वेळ बसली आणि मग पेटाऱ्यात ठेवल्या. मी विचारलं, "हे काय करतेस?" ती म्हणाली, "काई नाई. थंडी वाजली असंन त्यायले."

दहा दिवसांनी डॉक्टर जीपनं स्वतः आले. नऊच्या नऊ माणसांची तिसरी नळी गप्प होती. म्हणजे रक्तानं हजेरीच दिली नव्हती. ओट्यावर उभं राहूनच ते हिंदीत म्हणाले, "ये ब्लड ठंडा हुआ है. आइस में किसने रखा?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. माझं तोंड उघडलं होतं, हे मला अजून आठवतं. वाक्यही जुळलं होतं. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "माझ्याकडून झालं सर. सवयीनं."

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "आपसे ये उम्मीद नहीं थी."

मी ट्रे खाली ठेवला. आणि पोरांनो, मी घाबरून गप्प बसले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. या अंगणात कुणीतरी तिला पहिल्यांदा "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं म्हणालं होतं. त्यात चहा गार झाला, तो मी पुन्हा गरम करून दिला.

त्यांनी तिला दोन महिने शहरातल्या प्रयोगशाळेत नेऊन पुढचं काम शिकवायचं ठरवलं होतं. ते मला नंतर कळलं. ती जागा दुसऱ्या तालुक्यातल्या टेक्निशियनला गेली. जावेनं त्यासाठी नवी सुटकेस आणली होती. ती तिनं धान्याच्या खोलीत पोत्यांच्या वर ठेवून दिली.

त्या नऊ जणांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. या वेळी बर्फ नव्हता. नळ्या तिनं रुमालात गुंडाळून कमरेला बांधून आणल्या आणि संध्याकाळी पेटाऱ्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वीज गेली. नळ्यांचे सोळा तास भरायला अजून तीनेक तास होते, आणि वीज दुपारशिवाय येणार नव्हती.

मी म्हटलं, "आता हेही गेलं."

ती उठून धान्याच्या खोलीत गेली. तिचे यजमान राईस मिलमध्ये होते, त्यामुळे घरात धानाचा भुसा कायम असे. तिनं लाकडी पेटीत काठापासून बोटभर कमी इतका भुसा भरला, मधे खळगा केला, त्यात पितळेचा डबा बसवला. डब्यात कोमट पाणी, पाण्यात नळ्यांचा स्टँड. वरून गोणपाट, त्यावर गोधडी. धान पेरायच्या आधी भिजवून गोणपाटात बांधून ठेवतात आणि आतल्या उबेनं त्याला मोड येतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलंय. तिनं तेच केलं होतं.

"तुमी थर्मामीटर पाहून सांगा फक्त," ती म्हणाली. "तुमाले नीट दिसते."

मी खुर्ची घेऊन बसले. दर पंधरा मिनिटांनी गोधडीची कड उचलून पारा बघायचा आणि वहीत लिहायचा. सदतीस. सदतीस. साडेछत्तीस, तेव्हा तिनं एक वाटी गरम पाणी ओतलं. पुन्हा सदतीस. बाहेर ऊन तापत होतं, मालगाडी जात होती, ती कणीक मळत होती आणि पारा हलत नव्हता. मी तुम्हांला खरंच लिहिते आहे, तो हलावा असं मला वाटत होतं. एकदा तरी चौतीसवर यावा. ज्या नळ्यांवर तिचं उरलेलं नाव टिकून होतं, त्यांच्याशेजारी बसून मी ही इच्छा करत होते, आणि वहीत सुंदर अक्षरात सदतीस लिहीत होते.

निकाल आले. या वेळी नऊच्या नऊ तिसऱ्या नळ्यांनी हजेरी दिली. डॉक्टर फोनवर खुश होते, पण दोन महिन्यांची जागा तर गेलेलीच होती.

पुढे वर्षभर काम व्यवस्थित चाललं आणि प्रकल्प संपला. समारोपाला शहरातून बोलावणं आलं, ते माझ्या नावानं. गावपातळीवरच्या अनुभवाबद्दल इंग्रजीत दहा मिनिटं बोलायचं होतं. तुम्ही म्हणाल, मी नाही म्हणायला हवं होतं. मी जांभळी साडी इस्त्री केली आणि गेले.

ती प्रयोगशाळा मी पाहिली, म्हणून तुम्हांला सांगू शकते. एका मुलीनं मला सूक्ष्मदर्शकातून दोन काचेच्या बशा दाखवल्या. दोन्हींत भक्षक पेशी होत्या, पण एकीत बाहेरून इंटरफेरॉन गॅमा घातलं होतं. त्या पेशी पसरलेल्या, हातपाय ताणलेल्या, पोटात कणच कण. दुसऱ्या नुसत्या गोल पडून होत्या. मग तिनं लहान लहान खळ्यांची एक पारदर्शक पट्टी दाखवली. प्रत्येक खळीत एका नळीतला थोडासा द्रव. जिथं इंटरफेरॉन गॅमा जास्त, तिथं रंग गडद. अठ्ठावीस वर्षं मी जे खडूनं काढत आले, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ते बघत असताना मला सारखं वाटत होतं, की माझ्या जागी कोण उभं असायला हवं होतं.

भाषणात मी लिहून नेलेला कागद बाजूला ठेवला आणि बर्फाची ओळ माझी होती, असं सांगून टाकलं. तक्ता माझा, हट्ट माझा, आणि दोष जावेनं अंगावर घेतला. सभागृहात टाळ्या पडल्या. किती प्रामाणिकपणा, असं अध्यक्ष म्हणाले. मला फुलांचा गुच्छ मिळाला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या प्रकल्पात तुमच्या जावेला नक्की बोलावू. तो प्रकल्प आलाच नाही.

घरी आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझ्या नळ्यायचा रंग पाह्यला का? कसा दिसते?"

मी सांगितलं. खळ्या, पट्टी, गडद होत जाणारा पिवळा रंग. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवून ऐकलं. मग मी माझ्या कबुलीचं सांगितलं, गुच्छही दाखवला.

तिनं गुच्छ उलटसुलट करून पाहिला. "तिथं सांगतलं? म्या नसताना?"

"सगळ्यांसमोर सांगितलं."

"कोणासमोर जी? त्यायले मी कुठं ठाऊक होती? पाणी बी तुमीच सांडवलं आणि टाळ्या बी तुमालेच." तिनं सूप पुन्हा उचललं. "सांगाचंच होतं त इथं सांगाचं. त्या चार घरी. माझ्यापाई दोनदा टोचलं म्हून वर्षभर त्या दारावरून मान खाली घालून जाऊन राहिली मी."

मी म्हटलं, "उद्या सकाळी त्या चार घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. पहिलं घर त्याच बाईचं, जिच्या दारात मी इंग्रजी विचारलं होतं. तिचा नवरा आता बरा होऊन शेतावर जात होता. मला पाहून ती उठून उभी राहिली, पदर सावरला. मी उभ्यानंच सांगितलं, की मागच्या वर्षी रक्त खराब झालं ते माझ्यामुळे. हिनं नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही.

ती बाई लगेच म्हणाली, "मालूम आहे नं मॅडम. मी दारातच होती. तुमी हिले इंग्रजी विचारलं, मंग हे काय बोलन?"

"मग तू कुणाला बोलली नाहीस?"

"बोलली न. सगळ्यायले बोलली. ते चारही घरं जाणतेत. दुसऱ्यांदा रक्त द्याले आमी काऊन तयार झालो? हिच्या हातून चुकत नाई म्हून."

जाऊ तिथेच चौकटीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. वर्षभर मान खाली घालून चालली ती, आणि गाव तिच्याकडे वाकड्या नजरेनंही बघत नव्हतं. बाईही हसायला लागली, मग तिची मुलगीही. मी मधे उभी होते. वर्षभर त्या चार घरांतले लोक सगळं जाणून मला बघितलं की उठून उभे राहत होते, नमस्कार करत होते, मॅडम म्हणत होते.

"बसा नं मॅडम," ती घरची बाई म्हणाली. तरी तिची स्वतःची बसायची तयारी नव्हती. मी बसेपर्यंत ती उभीच राहिली.

उरलेल्या तीन घरी आम्ही गेलो. सांगायची गरज नव्हती, पण ठरवलं होतं म्हणून सांगितलं. परत येताना धानाच्या बांधावरून जाऊ पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, "आता तरी पोट भरलं का जी तुमचं?"

मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. सगळ्या गावात एकालाही एकदाही वाटलं नाही, की तिचा हात चुकला असेल. माझ्याबद्दल त्यांना एकदाच शंका आली आणि ती बरोबर निघाली. याचा हेवा माझ्या मनातून गेला नाही, आणि थोरले, रविवारी तुझ्या फोननं तो पुन्हा जागा झाला.

ती शहरातली प्रयोगशाळा तिनं कधीच पाहिली नाही. ते मी तिच्याकडून घेतलं आणि परत देता आलं नाही. हे तुम्हांला माहीत असावं, म्हणजे पुढच्या वेळी तिला फोन कराल तेव्हा आधी तिला त्या खळ्यांच्या पट्टीबद्दल विचारा. ती मी सांगितलेलं माझ्यापेक्षा चांगलं सांगते.

तक्ता माझ्या कपाटात आहे, बर्फाच्या ओळीवर तिनं लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आहे. आता आमच्या चुली दोन झाल्या आहेत, पण भुशाची पेटी तिच्या स्वयंपाकघरात आहे आणि हिवाळ्यात तिच्यात दोन्ही घरांचं दही लागतं.